धुके व दव : जलसंग्रहाचा इतिहास

जमिनीलगतच्या हवेत तरंगणारे धुक्याचे जलबिंदू अडवून, अथवा रात्री थंड होणाऱ्या पृष्ठभागावर जमलेले दव ओघळवून पाणी मिळविण्याची पद्धती. कापड, झाडाची पाने, जाळी, घराचा पत्रा आणि अलीकडच्या काळात विशिष्ट नक्षीने घडविलेली धातूची पृष्ठे ही तिची साधने होत. या पद्धतीचा इतिहास मुख्यत्वे बेटे, वाळवंटे व समुद्रकाठचे डोंगर यांचा आहे. तथापि मराठवाड्यासारख्या अवर्षणप्रवण प्रदेशात हवेतील पाण्याविषयीची आशा दर टंचाईच्या वर्षी नव्याने बोलली जाते, म्हणून हा इतिहास येथील परिस्थितीच्या संदर्भात पाहणे अगत्याचे आहे.

धुके आणि दव हे शब्द बोलण्यात जोडीने येतात, परंतु त्यांच्या उत्पत्तीत फरक आहे. धुक्यात पाणी आधीच द्रवरूप झालेले असते. त्याचे बिंदू बहुधा १ ते ४० मायक्रॉन व्यासाचे, म्हणजे पावसाच्या थेंबाच्या शतांशाइतके किंवा त्याहूनही लहान असतात. ते इतके हलके असतात की खाली पडण्याऐवजी वाऱ्याबरोबर वाहतात. दृश्यमानता १ किमी.पेक्षा कमी झाली म्हणजे वातावरणविज्ञानात त्या स्थितीस धुके म्हणतात. दवाचे तसे नाही. हवेतील अदृश्य बाष्प दवबिंदू तापमानाखाली गेलेल्या वस्तूवर थेट द्रवरूप होते. धुक्याचे पाणी मिळविण्यास वारा हवा, तर दवास निरभ्र आकाश व जवळजवळ स्तब्ध हवा लागते. खेड्यातील भाषेने धुई आणि दहिवर असे दोन निराळे शब्द राखले आहेत. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे या विषयावरील पुष्कळ लोकप्रिय लिखाण फसवे झाले आहे.

महाराष्ट्रात दव हेतुपुरस्सर गोळा करण्याची एक जुनी रीत आहे, ती हरभऱ्याच्या शेतातील. हरभऱ्याच्या पाना-फांद्यांवर सूक्ष्म ग्रंथियुक्त केस असतात व त्यांतून आंबट द्रव पाझरतो. त्यात मुख्यतः मॅलिक व ऑक्झॅलिक ही अम्ले असतात. रात्री पडणाऱ्या दवात तो विरघळतो. स्वच्छ पातळ कापड रात्री पिकावर पसरून ठेवतात किंवा पहाटे पिकावरून फिरवितात व भिजल्यावर ते भांड्यात पिळून घेतात. या द्रवास आंब म्हणतात. अपचन, पोटदुखी इत्यादींवर घरगुती औषध म्हणून ती बाटलीत भरून ठेवण्याची चाल होती. आयुर्वेदात तिला चणकाम्ल असे नाव आहे. येथे पाणी हा हेतू नसून अम्ल हा हेतू आहे, हे खरे. पण साधनांचा विचार केला तर आधुनिक प्रयोगशाळेतील उपकरणाचे सर्व घटक या कापडात व केसाळ पानात आढळतात : थंड होणारे पृष्ठ, थेंब धरून ठेवणारे सूक्ष्म उंचवटे आणि जमलेले पाणी सोडवून घेण्याची युक्ती. यांतील शेवटचा घटक सर्वांत अवघड असतो. कापड पाणी झटकन शोषते, पण ते आपण होऊन देत नाही. ते पिळावे लागते.

दव आकाशातून पडते की जमिनीतून वर येते, हा वाद युरोपात शतकानुशतके चालला. विल्यम चार्ल्स वेल्स या लंडनमधील वैद्याने लोकरीचे मोजून घेतलेले पुंजके रात्री निरनिराळ्या वस्तूंवर ठेवून व पहाटे त्यांचे वजन करून १८१४ मध्ये त्याचा निकाल लावला. वस्तू आपली उष्णता प्रारणाने आकाशाकडे गमावतात, सभोवतालच्या हवेपेक्षा थंड होतात आणि म्हणून त्यांवर दव जमते, असे त्याने दाखविले. याच प्रयोगांत त्यास आढळले, की गवत व लोकर यांवर भरपूर दव जमते, परंतु चकचकीत धातूवर ते फारच कमी येते. झळाळीदार धातू अवरक्त प्रारण नीट उत्सर्जित करीत नाही, हे त्याचे कारण होय. धातूच्या पृष्ठावर पाणी मिळविण्याच्या साऱ्या उद्योगाला ही अडचण पहिल्यापासून आहे. धातू उष्णतेचा उत्तम वाहक असला, तरी कोरा धातू हा दवाचा चांगला ग्राहक नव्हे. त्यावर रंगाचा, ऑक्साइडाचा किंवा बहुवारिकाचा थर असावा लागतो.

भारतात या विषयाचा शास्त्रीय पाया पुण्यात घातला गेला. भारतीय वातावरणविज्ञान विभागाची कृषी-वातावरणविज्ञान शाखा १९३२ मध्ये तेथे सुरू झाली व एल्. ए. रामदास यांनी तिची धुरा वाहिली. निरभ्र, निर्वात रात्री सर्वांत थंड हवा प्रत्यक्ष जमिनीवर नसून तिच्या काही सेंमी. वर असते, ही त्यांनी आणि आत्मनाथन यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेली गोष्ट तेव्हा कोणास पटेना. पुढे तो थर रामदास यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. रामदास व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखविली, तिचे महत्त्व मराठवाड्याच्या दृष्टीने अधिक आहे. कोरड्या ऋतूत काळी कापसाची जमीन रात्री हवेतील बाष्प शोषून घेते व दिवसा ते परत सोडते. शाळू, हरभरा व करडई ही पिके पावसाळा संपल्यावर मुख्यतः जमिनीतील ओलीवर येतात. त्यात दवाचा वाटा किती, याविषयी शेतकऱ्याची समजूत शास्त्रज्ञाच्या अंदाजापेक्षा नेहमीच उदार राहिली आहे. पुढे रंगविलेल्या लाकडी ठोकळ्यावरील थेंबांचा आकार छायाचित्रांशी ताडून दव मोजण्याची दुवदेवानी यांची रीत भारतातील कृषि-वेधशाळांनी स्वीकारली.

मराठवाड्यातील घरांच्या छपरांत झालेला बदल या संदर्भात लक्षात घेण्याजोगा आहे. येथील जुने घर माळवदाचे, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर दिलेल्या सपाट छपराचे असे. हा जड थर दिवसाची उष्णता रात्रभर सोडीत राहतो, त्यामुळे त्याचा पृष्ठभाग दवबिंदू तापमानाखाली सहसा लवकर जात नाही, आणि गेला तरी आलेले दव माती पिऊन टाकते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात दगड-मातीची घरे कोसळून हजारो माणसे दगावली. त्यानंतर लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत पत्र्याच्या निवाऱ्यांची रांग उभी राहिली. माळवदाची भीती पुढे बरीच वर्षे टिकली. स्वस्ताई व सोय यांमुळेही पत्रा सर्वत्र पसरला. पातळ पत्रा सूर्यास्तानंतर झपाट्याने निवतो. त्याची पन्हळी घडण म्हणजे एक प्रकारची नक्षीच आहे. थेंब खोलगट भागात उतरतात, एकमेकांत मिळतात आणि उताराने वळचणीला येतात. मार्गशीर्ष-पौषातील पहाटे पत्र्याच्या घराच्या वळचणीला टपटप ऐकू येते ती यामुळे. पाणी गोळा करावयाचे म्हणून हे पत्रे कोणी घातलेले नाहीत, एवढाच काय तो फरक.

धुक्याचा इतिहास मात्र समुद्राशी बांधलेला आहे. कॅनरी द्वीपसमूहातील एल् यॅरो बेटावर गारोए नावाचा एक वृक्ष होता. व्यापारी वाऱ्यांबरोबर येणारे धुके त्याच्या पानांवर अडून खालच्या टाक्यांत ठिबके व बेटावरील लोक ते पाणी पीत. १६१० मधील वादळात तो उन्मळून पडला. दक्षिण आफ्रिकेत रूडॉल्फ मार्लोट याने विसाव्या शतकाच्या आरंभी टेबल मौंटनवर दोन पर्जन्यमापके शेजारी ठेवली, एकावर बोरूच्या काड्या उभ्या केल्या व दुसरे उघडे ठेवले. काड्यांच्या मापकात कित्येक पट अधिक पाणी जमले. चिलीमध्ये कार्लोस एस्पिनोसा यांनी १९५० नंतर धुके पकडणारी जाळीची उपकरणे बनविली. या परंपरेचे सर्वांत गाजलेले फळ म्हणजे त्याच देशातील चुंगुंगो हे मासेमारांचे खेडे. रॉबर्ट शेमेनाउअर, पिलार सेरेसेदा प्रभृतींच्या प्रकल्पातून एल् टोफो डोंगराच्या माथ्यावर प्रत्येकी ४८ चौ. मी.च्या प्लॅस्टिक जाळ्या उभारण्यात आल्या व १९९२ पासून नळाने पाणी खेड्यात येऊ लागले. दर चौ. मी.स दररोज सरासरी ३ लि.च्या आसपास उत्पन्न मिळे. पूर्वी हे खेडे टँकरच्या पाण्यावर जगत होते. दहाएक वर्षांनी ही योजना बंद पडली. धुके आटले म्हणून नव्हे, तर वस्ती वाढली, जाळ्यांची देखभाल ढिली पडली आणि गावकऱ्यांना इतर गावांसारखी नेहमीची नळयोजना हवीशी वाटली म्हणून. यंत्राचा दोष नसतानाही योजना का मरतात, याचे हे उदाहरण आपल्याकडील पाणीपुरवठा योजनांच्या जाणकारांस अनोळखी वाटणार नाही.

जाळीतून किती पाणी मिळेल, याचा हिशेब साधा आहे. १ घ. मी. धुक्यात बहुधा ०·०५ ते ०·५ ग्रॅ. इतकेच द्रवरूप पाणी असते. ते ०·२ ग्रॅ. धरले आणि वारा सेकंदास ५ मी. वेगाने वाहत असला, तर १ चौ. मी. जाळीवर दर सेकंदास १ ग्रॅ., म्हणजे तासाला ३·६ लि. पाणी येऊन आदळण्याची शक्यता असते. त्याचा एक-दशांश हाती लागला तरी तासाला ३६० मिलि. होतात. वारा सेकंदास अर्ध्या मीटरवर आला की हेच उत्पन्न एक-दशांशावर येते. प्रत्यक्षात त्याहूनही खाली, कारण मंद वाऱ्यात हलके बिंदू तारेवर न आदळता हवेबरोबर तिला वळसा घालून निघून जातात. जाळी दाट विणली तर वारा तिला टाळून बाजूने जातो, विरळ विणली तर बिंदू मधून निसटतात. शिवाय जमलेले थेंब छिद्रांत अडकून बसले, तर जाळीची भिंत होते.

धातूचा प्रवेश येथे होतो. प्लॅस्टिकच्या चपट्या धाग्यापेक्षा बारीक, गोल व ताठ तार बिंदू अधिक चांगले पकडते. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील संशोधकांनी २०१३ मध्ये अगंज पोलादाच्या बारीक तारांची जाळी तयार करून तिच्यावर थेंब सहज सुटतील असा लेप दिला. तारेची जाडी, छिद्राचा आकार व लेप यांचा योग्य मेळ घातल्यास नेहमीच्या जाळीच्या कित्येक पट उत्पन्न मिळते, असे त्यांनी दाखविले. २०१८ मध्ये व्हर्जिनिया टेक येथे आडव्या तारा काढूनच टाकण्यात आल्या. वीणेच्या तारांप्रमाणे केवळ उभ्या तारा ताणल्या की थेंब वाटेत न अडता खाली घसरतात. ही सुधारणा रसायनापेक्षा सुताराच्या अकलेची आहे, आणि म्हणूनच ती टिकाऊ वाटते.

नक्षीदार पृष्ठांची कल्पना आली ती एका भुंगेऱ्यावरून. नामिबच्या वाळवंटातील काही भुंगेरे धुक्याच्या पहाटे डोके खाली करून वाळूच्या टेकडीवर उभे राहतात व पाठीवरून ओघळणारे पाणी पितात, हे १९७६ मध्ये नोंदले गेले होते. अँड्र्यू पार्कर व ख्रिस लॉरेन्स यांनी २००१ मध्ये असे मांडले, की पाठीवरील गाठींची टोके जलाकर्षी असतात व मधला मेणचट भाग जलविरोधी असतो; टोकांवर थेंब वाढतात आणि पुरेसे जड झाले की मेणचट भागावरून घरंगळतात. मेणावर काचेचे मणी बसवून त्यांनी आपले म्हणणे प्रयोगानेही दाखविले. पुढील संशोधनाने या सुबक कथेला मुरड घातली. धुके पिण्याची सवय पक्की आढळते ती ओनिमाक्रिस वंशातील एका निराळ्या जातीत, आणि तिच्या पाठीवर तशा गाठी नाहीत. निसर्गाचा दाखला अशा रीतीने डळमळला, तरी त्यावरून सुचलेली युक्ती भौतिकीच्या दृष्टीने खरीच होती, आणि तिच्यावर मोठे संशोधन उभे राहिले.

या युक्तीतील दोन्ही तत्त्वे मराठी वाचकास नवी नाहीत. अळवावरचे पाणी हा वाक्प्रचार क्षणभंगुरतेसाठी वापरला जातो. तो ज्या निरीक्षणावर आधारलेला आहे, ते जलविरोधी पृष्ठाचेच होय : पानावरील सूक्ष्म उंचवटे व मेण यांमुळे थेंब पसरत नाही, गोल राहतो व जरा धक्का लागताच घरंगळतो. केळीचे पान दुसरे तत्त्व दाखविते. त्याच्या समांतर शिरा व मधली खोल पन्हळ यांमुळे पानावर आलेले पाणी देठाकडे व तेथून बुंध्याकडे जाते. धातूच्या पृष्ठावर ही दोन्ही कामे एकत्र साधण्याचा प्रयत्न होतो. तांबे किंवा ॲल्युमिनियम यांचा पत्रा अम्लाने कोरून, ऑक्सिडीकरणाने सुयांसारखे सूक्ष्म स्फटिक वाढवून किंवा लेसर किरणाने रेषा पाडून खडबडीत करतात. अशा पत्र्याचा मूळ कल अतिशय जलाकर्षी असतो. त्याच्या काही भागावर जलविरोधी लेप दिला की ठिपके, पट्टे किंवा पाचरी यांची नक्षी तयार होते. पाचरीचा आकार विशेष उपयोगी असतो. निमुळत्या टोकाशी जमलेला थेंब पृष्ठताणामुळे रुंद बाजूकडे आपोआप सरकतो. त्यासाठी उतार किंवा वारा लागत नाही. थेंब लवकर हटला की त्याची जागा रिकामी होते व नवा थेंब धरतो.

अशा पृष्ठांचे गुण सांगताना त्यांची मर्यादाही स्पष्टपणे सांगितली पाहिजे. बहुतेक चाचण्या काही सेंमी.च्या तुकड्यावर, यंत्राने निर्माण केलेल्या दाट धुक्याचा झोत सोडून व थोडा वेळ घेतलेल्या असतात. बाहेर धूळ, पक्ष्यांची विष्ठा, शेवाळ व उन्ह यांमुळे लेप झिजतो आणि नक्षी बुजते. त्याहून मूलभूत गोष्ट अशी, की नक्षी पाणी निर्माण करीत नाही. आलेले पाणी लवकर सोडविणे एवढेच तिचे काम. दवाच्या बाबतीत तर निसर्गानेच वरची मर्यादा घातली आहे. बाष्पाचे पाणी होताना सुप्त उष्णता बाहेर पडते आणि ती रात्रभरात प्रारणाने जितकी निघून जाईल तितकेच दव जमते. म्हणून उत्तमात उत्तम पृष्ठावरही एका रात्रीत सु. ०·८ मिमी.हून अधिक दव मिळण्याचा संभव नाही, आणि व्यवहारात त्याच्या चौथ्या हिश्शावर समाधान मानावे लागते.

भारतात धातूच्या पत्र्यावरून दव गोळा करण्याचा पद्धतशीर प्रयोग गुजरातेत झाला. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील गिरजा शरण यांनी कच्छमधील कोठारा येथे या शतकाच्या आरंभी निरीक्षणे सुरू केली. जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा, ॲल्युमिनियमचा पत्रा व रंगद्रव्ययुक्त प्लॅस्टिकचा पापुद्रा यांची त्यांनी तुलना केली, तेव्हा पापुद्रा सरस ठरला. वेल्सच्या निष्कर्षाची ही दोनशे वर्षांनंतरची पुष्टी म्हणावी लागेल. पुढे पानंध्रो येथील लिग्नाइट खाणीच्या आवारात एकूण ८५० चौ. मी. पृष्ठाचे दवसंग्राहक उभारण्यात आले. २००७ साली त्यातून सु. साडेसहा हजार लि. पाणी मिळाले. ही संख्या मोठी वाटते, परंतु तिला ८५०ने भागले असता वर्षाकाठी चौ. मी.स पावणेआठ लि. पडतात. तेवढ्याच पृष्ठावर ८ मिमी.ची एक सर पडली तरी तितके पाणी येते. कच्छच्या किनारपट्टीस समुद्राची ओलसर हवा व दीर्घ दवकाल लाभला आहे, हेही विसरून चालणार नाही.

आता नांदेड-हिंगोली मार्गावरील अर्धापूरचे उदाहरण घेऊ. हा तालुका केळीच्या बागांसाठी प्रसिद्ध असून ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाचे कालव्याचे पाणी त्यास मिळते. हिवाळ्यात निरभ्र रात्रीनंतर अशा ओलिताच्या सखल भागात धुके धरते, ते प्रारणजन्य असते. जमीन निवल्याने तिच्यालगतची ओलसर हवा निवते व धुके तयार होते. वारा सुटताच ते विरते. म्हणजे जाळी चालण्यास जो वारा हवा तोच या धुक्याचा शत्रू होय. वर दिलेल्या हिशेबातील सेकंदास ५ मी. वेगाचे, डोंगरमाथ्यावर तासन्‌तास आदळणारे धुके येथे नाही. तुरीचा फुलोरा गळतो, हरभऱ्यावर कीड पडते, आंब्याचा मोहोर खराब होतो, या अनुभवांमुळे शेतकरी अशा धुक्याकडे संकट म्हणूनच पाहतो. महाराष्ट्रात वाऱ्याबरोबर वाहणारे दाट धुके सह्याद्रीच्या माथ्यावर असते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेची २०१२ मध्ये सुरू झालेली मेघभौतिकी प्रयोगशाळा महाबळेश्वरास आहे, ती पावसाळ्यात ढग तेथे जमिनीस टेकतात म्हणूनच. परंतु त्या महिन्यांत तेथे धुक्याचे पाणी वेगळे गोळा करण्याचे प्रयोजन उरत नाही.

मराठवाड्याची खरी अडचण स्थळापेक्षा काळाची आहे. येथे दव पडते ते साधारणतः ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत, जमिनीत व हवेत पावसाळ्याची ओल शिल्लक असते तेव्हा. ज्या वर्षी पाऊस तुटतो त्या वर्षी ही ओलही तुटते. मार्चपासून हवा इतकी कोरडी होते, की पत्रा कितीही निवला तरी दवबिंदू तापमानापर्यंत पोहोचत नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिलच्या पहिल्या गाडीत १० वाघिणींतून सु. ५ लाख लि. पाणी आले व पुढे ५० वाघिणींच्या गाड्या धावल्या. त्या दिवसांत उत्तमोत्तम नक्षीचा पत्राही लातूरच्या हवेतून घोटभर पाणी काढू शकला नसता.

याउलट हिवाळ्यातील हिशेब अगदीच टाकाऊ नाही. ३० चौ. मी.च्या पत्र्याच्या छपरावर ०·१ मिमी. दव आले तर ३ लि. पाणी होते, अशा ६० रात्री धरल्या तर मोसमात १८० लि. होतात. त्याच छपरावर ७०० मिमी. पाऊस पडला तर २१ हजार लि. पाणी वाहून जाते आणि बहुतेक घरी ते अंगणातून ओढ्याला मिळते. पन्हळ व टाकी दोन्हींसाठी एकच लागते. म्हणून छपराचे पाणी साठविण्याची सोय पावसासाठी करावी आणि दव त्यात अनायासे मिळवावे, हाच क्रम येथे रास्त ठरतो. दवाच्या पहिल्या ओघळाबरोबर छपरावरील धूळ व पक्ष्यांची घाण येते, तसेच जुन्या पत्र्याचे जस्तही थोडे उतरते. त्यामुळे आरंभीचे पाणी वेगळे सोडून देऊन उरलेले गाळून व उकळून पिण्यास वापरतात.